तीन पाकळ्यांचा पेच

दुरुस्तीच्या हक्काची गोष्ट निघाली की आपल्या चळवळीतील पुष्कळांच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टर येतो, शेतीपंप येतो, फार तर मोबाइल येतो. मुलांच्या हातातला व्हिडिओ गेम कोणाच्याही डोळ्यांसमोर येत नाही. कोणी त्याचे नाव काढलेच, तर “हे मध्यमवर्गीय पोरांचे चोचले आहेत, कामगारांच्या प्रश्नांशी यांचा काय संबंध?” असा प्रश्न ठरलेला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे खेळाचे यंत्र उघडून त्याची फुटकी, पिवळी पडलेली बाह्यकवचे बदलण्याचा छंद आज अनेक तरुणांना लागला आहे. वसई-विरारसारख्या कामकरी वस्तीच्या शहरांतही असे तरुण आहेत. या छंदाकडे तुच्छतेने पाहणाऱ्या साथींशी मला वाद घालायचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : विकत घेतलेली वस्तू उघडण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर जो देतो तोच त्या वस्तूचा खरा मालक असतो, आणि या प्रश्नाचा निकाल आज ग्राहकाच्या, कारागिराच्या आणि लहान कारखान्याच्या विरुद्ध लागलेला आहे. तो किती विरुद्ध लागला आहे हे ट्रॅक्टरपेक्षा एखाद्या खेळण्यावरून अधिक स्वच्छ दिसते, कारण तेथे ‘राष्ट्रीय सुरक्षा’, ‘गुंतागुंतीचे तंत्रज्ञान’ असले बुरखे पांघरायला जागा उरत नाही.

यंत्र उघडताना काय दिसते

उदाहरणासाठी निन्टेंडो या जपानी कंपनीचे ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ घेऊ. हातात धरून खेळायचे हे यंत्र २००१ साली बाजारात आले. आपल्याकडे ते मुख्यतः परदेशातून येणाऱ्यांच्या सामानातून आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून पोचले. दोन पेन्सिल सेलवर चालणारे हे यंत्र आजही चालते. त्यातील सर्किट बोर्डाला सहसा काही होत नाही. म्हातारपण येते ते कवचाला. पडून कोपरे फुटतात, बॅटरीच्या झाकणाची जीभ तुटते, पडद्यावरची काच चरे पडून आंधळी होते. विसरलेल्या सेलमधून झिरपलेले क्षार संपर्काच्या पट्ट्या खातात आणि किनाऱ्याच्या दमट हवेत हे काम आणखी लवकर होते. फिक्या रंगाच्या यंत्रांचे एबीएस प्लॅस्टिक प्रकाशाने व उष्णतेने पिवळे पडते. आग प्रतिबंधासाठी मिसळलेली ब्रोमीनयुक्त रसायने त्याला हातभार लावतात. थोडक्यात, आतला जीव शाबूत आणि अंगावरचे कापड तेवढे फाटलेले, अशी ही अवस्था असते. कापड फाटले म्हणून माणूस कोणी फेकून देत नाही.

आता कापड बदलायचे ठरवले की पहिली गाठ पडते ती स्क्रूशी. यंत्राच्या पाठीवर सहा स्क्रू असे आहेत की ज्यांच्या डोक्यावर नेहमीची चौफुली खाच नसून तीन पाकळ्यांची खाच आहे. बॅटरीच्या खणातला सातवा स्क्रू मात्र साधा चौफुली. आत बोर्ड धरून ठेवणारे छोटे स्क्रूही साधेच. याचा अर्थ उघड आहे. तीन पाकळ्यांच्या खाचेने यंत्र अधिक मजबूत होत असते, तर आतले स्क्रूही तसेच असते. बाहेरच्या स्क्रूंचे काम प्लॅस्टिक धरून ठेवण्याचे आहेच. त्याशिवाय ज्याच्याकडे कंपनीने नेमून दिलेले हत्यार नाही त्याला दाराबाहेर ठेवण्याचेही आहे. याच कंपनीच्या जुन्या खेळांच्या पेट्यांना आणि टीव्हीला जोडायच्या यंत्रांना तर असे स्क्रू होते की ज्यांच्या डोक्यावर खाचच नसे. वरून बसणारा खास पोकळ पाना लागे. पेट्यांसाठी ३.८ मिलिमीटरचा आणि यंत्रांसाठी ४.५ मिलिमीटरचा. घरात सापडणाऱ्या कोणत्याही हत्याराने ते निघू नयेत हीच योजना होती.

आज ही हत्यारे बाजारात स्वस्तात मिळतात, आणि पाठ उघडल्यावर दिसते ते सामान्य माणसाला भिववणारे काहीच नसते. खांद्यावरच्या दोन बटणांच्या बारीक स्प्रिंगा उडून जाऊ नयेत म्हणून जपावे लागते. पडद्याची चपटी रिबन केबल ज्या कुलपात बसते त्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्या नखाने हळूच वर सरकवायच्या आणि मगच केबल ओढायची. येथे घाई केली तर यंत्र कायमचे गेले. तीन स्क्रू काढले की बोर्ड मोकळा होतो. खाली बटणे आणि त्यांच्या रबरी गाद्या. या गाद्यांना काळी कार्बनची टिकली असते, बटण दाबले की ती बोर्डावरचे दोन बिंदू जोडते. एवढेच त्या ‘गुंतागुंतीच्या तंत्रज्ञाना’चे गुपित! पडदा चौकटीला चिकटवलेला असतो, तो धीराने सोडवायचा. मग सगळे भाग नव्या कवचात त्याच क्रमाने बसवायचे. एक पथ्य मात्र कोणत्याही अनुभवी कारागिराला विचारा, तो सांगेल : नव्या प्लॅस्टिकच्या भोकात स्क्रू घालताना तो आधी उलटा फिरवावा, आटा जुळल्याची बारीक ‘टिक्’ जाणवली की मग सुलटा आवळावा, आणि बोटांच्या जोरापलीकडे आवळू नये. आटे गेले की कवच गेले.

हे सगळे मी तपशिलाने सांगितले, याचे कारण असे की दुरुस्तीविरोधी प्रचाराचा सगळा भर अज्ञानावर असतो. “उघडू नका, आत काही समजण्यासारखे नाही” हे वाक्य ज्याने कधी काही उघडलेले नाही त्याच्यावरच परिणाम करते. पुरोहिताने पोथी सोवळ्यात ठेवावी आणि यजमानाने ती उघडू नये, यातलाच हा प्रकार आहे.

मालकी कोणाची?

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात विक्री म्हणजे मालकीचे हस्तांतर. पैसे दिले, वस्तू घेतली, व्यवहार संपला. परंतु गेल्या शंभर वर्षांतील भांडवलशाहीचा एक मोठा उद्योग हाच राहिला आहे की व्यवहार संपूच द्यायचा नाही. १९२४ साली जिनिव्हामध्ये जगातल्या बड्या दिवा-कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा गट स्थापन केला आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून बांधले. अधिक टिकणारा दिवा बनवणाऱ्या सभासदाला दंड होई. १९३२ सालच्या मंदीत बर्नार्ड लंडन या अमेरिकन गृहस्थाने वस्तूंना सरकारनेच ‘मृत्यूची तारीख’ ठरवून द्यावी म्हणजे कारखाने चालू राहतील, अशी योजना पुस्तिका काढून मांडली. सरकारने ती स्वीकारली नाही, कारण सरकारची गरजच पडली नाही. कंपन्यांनी ते काम स्वतःच केले. दरसाल नवे मॉडेल, सुट्या भागांची टंचाई, न उघडणारे कवच, कंपनीच्या संगणकाने ‘मान्य’ केल्याशिवाय न चालणारा भाग : मार्ग निरनिराळे, हेतू एकच.

यात राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाचाही हात आहे. पाच हजारांचे नवे यंत्र विकले गेले की त्यातली व्यापाऱ्याची कमाई उत्पन्नात जमा होते. दोनशे रुपयांत जुने दुरुस्त झाले तर जेमतेम तेवढीच भर पडते. मुलाने घरी बसून स्वतः दुरुस्त केले तर हिशेबात शून्य! म्हणजे समाजाला जितका फायदा अधिक, तितकी हिशेबातली नोंद कमी. केनेथ बोल्डिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली नेमके हेच सांगितले होते : पृथ्वी जर मर्यादित असेल, तर समाजाची श्रीमंती किती माल वाहून गेला यावर न मोजता, हाताशी असलेला साठा किती चांगल्या स्थितीत टिकवला यावर मोजावी लागेल. जुन्या यंत्राला नवे कवच चढवणारा तरुण बोल्डिंग वाचलेला नसेल, पण तो बोल्डिंगच्या बाजूने उभा आहे.

दुसरी बाजूही पाहा. जागतिक ई-कचऱ्याच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची होती. उरलेला कोठे जातो, हे मुंबई महानगराच्या परिसरात राहणाऱ्याला सांगायला नको. तो भंगाराच्या गाळ्यांत जातो आणि उघड्या हातांनी तारा जाळणाऱ्या, आम्लात बोर्ड बुडवणाऱ्या मजुराच्या फुप्फुसात जातो. ‘फेकून द्या’ या दोन शब्दांची किंमत कोणीतरी देतच असतो. ती विकत घेणाऱ्याच्या पावतीवर छापलेली नसते एवढेच.

कायदा खेळण्याला का घाबरतो

ज्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटतो त्यांनी अमेरिकेकडे पाहावे. कॅलिफोर्निया राज्याने २०२३ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि उत्पादकांनी सुटे भाग, हत्यारे व माहिती द्यावी असे बंधन घातले. त्यातून एक वस्तू मात्र नाव घेऊन वगळली : व्हिडिओ गेम कन्सोल. मिनेसोटाने २०२३ साली आणि ऑरेगनने २०२४ साली कायदे केले. तेथेही हीच सूट. धुलाईयंत्र दुरुस्त करण्याचा हक्क आहे, फोन दुरुस्त करण्याचा आहे, मुलाचे खेळणे दुरुस्त करण्याचा नाही! खेळ-उद्योगाची सबब अशी की यंत्र उघडायला मोकळीक दिली तर खेळांची चोरी वाढेल. क्षणभर हे खरे मानू. पण प्लॅस्टिकच्या कवचाने, रबरी गादीने, बॅटरीच्या झाकणाने कोणत्या खेळाची चोरी होते? तिजोरीला कुलूप लावायचे म्हणून घराच्या खिडकीची काचही बदलू द्यायची नाही, असा हा न्याय आहे. ज्या उद्योगाला आपल्या खेळण्यासाठी इतक्या खटपटी करून सूट मिळवावीशी वाटते, त्याला त्या खेळण्याचे राजकीय महत्त्व आपल्यापेक्षा अधिक कळलेले आहे.

त्याच अमेरिकेत १९७५ सालच्या हमीविषयक कायद्यानुसार, कंपनीचेच भाग वापरले तरच हमी राहील अशी अट घालता येत नाही. तरीही ‘हे सील तोडल्यास हमी रद्द’ अशा चिठ्ठ्या यंत्रांवर सर्रास लागत राहिल्या. २०१८ साली तेथील व्यापार आयोगाला सहा कंपन्यांना ताकीदपत्रे धाडावी लागली आणि त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट व निन्टेंडो या तिन्ही खेळयंत्रवाल्या कंपन्या होत्या. त्रेचाळीस वर्षे कायदा असूनही जर चिठ्ठी लागत असेल, तर केवळ कायद्याच्या कागदावर विसंबणाऱ्यांनी यावरून काय तो बोध घ्यावा.

आपल्या देशात काय आहे? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने चार क्षेत्रे निवडली : शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि मोटारी. डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टल सुरू झाले, त्यावर कंपन्यांनी माहिती द्यावी अशी अपेक्षा. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘दुरुस्ती-सुलभता निर्देशांक’ ठरवण्यासाठी दुसरी समिती आली आणि २०२५ साली तिचा अहवाल सादर झाला. सुरुवात स्मार्टफोन-टॅब्लेटपासून, आणि आपल्या वस्तूचे गुण कंपनीने स्वतःच जाहीर करायचे. विद्यार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावी ही पद्धत मी छत्तीस वर्षांच्या अध्यापनात कोठे पाहिली नाही. समित्या नेमल्या याचे स्वागत केले पाहिजे, परंतु पोर्टल म्हणजे हक्क नव्हे. जो मोडला असता शिक्षा नाही आणि जो मागितला असता वस्तू मिळत नाही, त्याला हक्क म्हणणे ही भाषेची थट्टा आहे.

सरकारला काही करता येत नाही असेही नाही. मोटारींच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. आरोप हाच की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजवाल्याला मिळू देत नाहीत. पुढे २०१६ साली अपिलात काही कंपन्यांपुरता हा आदेश प्रक्रियेच्या मुद्द्यावर रद्द झाला. तत्त्व मात्र नोंदवले गेले : वस्तू विकणाराच तिच्या दुरुस्तीचा एकमेव मक्तेदार होऊ शकत नाही. मोटारीच्या बाह्य पत्र्याला जे तत्त्व लागू, ते खेळयंत्राच्या बाह्य कवचाला लागू का नाही?

वालीवमध्ये साचे आहेत, मग कवच चीनमधून का?

आता या प्रश्नाला वालीवच्या वेशीत आणू. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला गोखिवरे, सातिवली, वालीव या पट्ट्यात खाजगी औद्योगिक वसाहतींची रांग आहे. हजारो लहान गाळे. कोठे लेथ, कोठे प्रेस, कोठे प्लॅस्टिकचे इंजेक्शन मोल्डिंग मशीन. दाणा तापवून वितळवायचा, दाबाने पोलादी डायमध्ये भरायचा, थंड झाला की पिनांनी ढकलून बाहेर काढायचा आणि रनर कापून वेगळा करायचा : गेम बॉयचे कवच ज्या प्रक्रियेने बनते, तीच ही प्रक्रिया. डाय घासून, पॉलिश करून मिलिमीटरच्या शतांश भागापर्यंत बसवणारे हात या पट्ट्यात आहेत. तरीही जुन्या यंत्रांची जी नवी कवचे आपल्या तरुणांच्या हाती पडतात, ती बहुतेक सगळी चीनमधून येतात.

“चिनी माल स्वस्त” हे त्याचे उत्तर अर्धेच आहे. कवचात प्लॅस्टिक काही रुपयांचे असते. खर्च असतो तो डायचा, आणि तो लाखांच्या घरात जातो. हजारो नग निघाले तर तो प्रत्येक नगावर नगण्य होतो, शंभर नग निघाले तर कोणालाच परवडत नाही. लहान गाळेवाला हा धोका घेऊ शकत नाही. त्याला भांडवल नाही, मापांचे नकाशे नाहीत, आणि कोणता आकार बनवला असता कोणत्या कंपनीची नोटीस येईल याची धास्ती आहे. म्हणून तो बड्या कंपनीचे काम मजुरीने करतो. डाय तिची, दाणा तिचा, दर तिचा. त्याचे फक्त मशीन, वीजबिल आणि त्याच्या हाताखालचा कंत्राटी कामगार. बारा-बारा तास प्रेससमोर उभा राहणारा तो कामगार जे घडवतो त्यावर त्याचे नाव नसते, आणि ते फुटले तर पुन्हा घडवण्याची परवानगीही नसते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर ही धास्ती बरीचशी अनाठायी आहे. आपल्या २००० सालच्या डिझाइन कायद्यानुसार नोंदवलेल्या आकाराला दहा वर्षे आणि मुदत वाढवून घेतल्यास आणखी पाच, असे पंधरा वर्षांचेच संरक्षण आहे. कॉपीराइट कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे, नोंदवता येण्यासारखा परंतु न नोंदवलेला आकार कारखान्यात पन्नासहून अधिक वेळा काढला गेला की त्यावरचा कॉपीराइट संपतो. २००१ साली आलेल्या यंत्राला आपल्या कायद्याचे माप लावले तर त्याचे कवच कधीच सार्वजनिक मालमत्ता झालेले आहे. कायम राहते ते कंपनीचे व्यापारचिन्ह. तेव्हा कवचावर तिचे नाव छापू नये आणि नवे कवच ‘मूळ’ म्हणून विकू नये, एवढे पथ्य पाळले की झाले. हे पथ्य प्रामाणिकपणाचेही आहे.

पण जे यंत्र काल बाजारात आले त्याचे काय? त्याचे कवच उद्या फुटले तर ग्राहकाने पंधरा वर्षे वाट पाहायची? युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या डिझाइन कायद्यात ‘दुरुस्तीचे कलम’ पक्के केले : एखाद्या वस्तूला तिचे मूळ रूप परत देण्यासाठी लागणारा बाह्य भाग दुरुस्तीपुरता कोणीही बनवावा, तो आकाराच्या मक्तेदारीचा भंग ठरणार नाही. हे कलम मुख्यतः मोटारींच्या पत्र्यांसाठी झगडून मिळवले गेले. असे कलम आपल्या कायद्यात आले, तर वालीवच्या गाळ्याला कायद्याने दार उघडेल. ‘मेक इन इंडिया’च्या घोषणा ज्यांनी भिंतीवर रंगवल्या, त्यांनी हे एक साधे कलम लिहायला बारा वर्षांत वेळ काढलेला नाही.

आपल्यातल्या दोन शंका

पहिली शंका साधेपणाच्या परंपरेतून येते. खेळयंत्र हीच मुळात चैन. तिची दुरुस्ती कशाला, ती नसलेलीच बरी. या साथींना मी गांधीजींची आठवण देईन. यंत्रांविषयी इतके कठोर असलेल्या गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद केला. ते फार थोड्या उपयुक्त शोधांपैकी एक आहे असे त्यांचे मत होते. ते यंत्र घरातल्या माणसाला वापरता, समजता आणि दुरुस्त करता येते. डॉ. लोहिया १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात छोट्या यंत्राचा जो आग्रह धरत होते, त्यामागेही हाच विचार होता : यंत्र माणसाच्या आवाक्यात असावे. एखादे यंत्र आवाक्यात आहे की नाही, याची कसोटी ते शिवते की खेळवते ही नसून ते आपल्याला उघडता येते की नाही ही आहे. आणि श्रमिकांच्या मुलांनी खेळू नये, ही अपेक्षा समाजवादाच्या कोणत्या ग्रंथात लिहिली आहे?

दुसरी शंका अधिक खरी आहे, आणि ती छंद जोपासणाऱ्या तरुणांनाच विचारली पाहिजे. धडधाकट कवच केवळ रंग आवडत नाही म्हणून काढून टाकायचे, आज पारदर्शक जांभळे, उद्या सोनेरी, परवा आणखी काही. ही दुरुस्ती की फॅशन? फुटलेले बदलणे म्हणजे वस्तूचे आयुष्य वाढवणे. न फुटलेले बदलत राहणे म्हणजे ग्राहकवादाने दुरुस्तीचे कपडे घालून पुन्हा घरात शिरणे. ज्यांनी विक्रीसाठी अशा रंगीत कवचांची बाजारपेठ उभी केली त्यांना हा फरक पुसायचाच आहे. म्हणून तरुणांना सांगितले पाहिजे की काढलेले जुने कवच फेकू नका, त्यातली शाबूत बटणे, झाकणे, स्प्रिंगा दुसऱ्याच्या यंत्रासाठी जपून ठेवा; आणि जे तुटलेले नाही ते कशासाठी बदलतो, हे स्वतःला एकदा विचारा.

याबरोबर एक जुने सत्यही सांगितले पाहिजे. ‘पूर्वी आपल्याकडे सगळे दुरुस्त होत असे’ असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. कल्हई होत असे, गोधडी शिवली जात असे, चपलेला टाका पडत असे. परंतु तो टाका घालणाऱ्याला आपण ओटीवर बसवत नव्हतो. दुरुस्ती हे काम जातीने वाटलेले होते आणि जो हात वस्तूला आयुष्य देई त्याला समाज तुच्छ मानी. त्या काळाकडे परत जाण्याचा प्रश्नच नाही. दुरुस्तीच्या हक्काची आपली मागणी ग्राहकाच्या सोयीवर थांबली, तर ती अपुरी राहील. दुरुस्त करणाऱ्याला शिक्षण, मान आणि रीतसर वेतन मिळाले तरच ती पुरी होईल.

मागायचे काय

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. एक, दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा व्हावा आणि त्यात खेळयंत्रांना सूट नसावी. ई-कचऱ्याच्या २०२२ सालच्या नियमांत हातात धरायच्या व्हिडिओ गेमचा समावेश आहे, म्हणजे कचरा म्हणून सरकार त्यांना ओळखते, वस्तू म्हणूनही ओळखावे. दोन, खास हत्यारावाचून न उघडणारे स्क्रू वापरणाऱ्या कंपनीने ते हत्यार वस्तूबरोबर द्यावे. तीन, उत्पादन बंद करताना बाह्य भागांच्या मापांचे नकाशे सार्वजनिक करण्याचे बंधन असावे. चार, डिझाइन कायद्यात दुरुस्तीचे कलम घालावे. पाच, वालीवसारख्या पट्ट्यात सहकारी टूलरूम निघावी. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूमसारखी सरकारी संस्था जर बड्या उद्योगांना डाय करून देऊ शकते, तर लहान गाळेवाल्यांना सामाईक डाय भाड्याने देणारी पेढी का उभी राहू नये? सहा, आयटीआयमध्ये दुरुस्तीचा अभ्यासक्रम असावा आणि त्याला किमान वेतनाच्या सूचीत कुशल कामाचा दर्जा मिळावा.

यांतल्या पहिल्या चार गोष्टी दिल्लीला मागायच्या आहेत. शेवटच्या दोन महाराष्ट्रात आणि पालघर जिल्ह्यातच लढून मिळण्यासारख्या आहेत. त्यांसाठी कार्यकर्त्यांनी फार लांब जाण्याचे कारण नाही. वालीवच्या कोणत्याही वसाहतीत जाऊन डाय बनवणाऱ्या कारागिराला, मोल्डिंगवाल्याला आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्या तरुणाला एका बैठकीत आणावे. जुनी बंद यंत्रे घेऊन या म्हणून वस्तीत सांगावे. महिन्यातून एका रविवारी शाखेच्या कचेरीत हत्यारे मांडून ती उघडावीत. ज्याला येते त्याने, ज्याला येत नाही त्याला शिकवावे. कोणता भाग कोठे अडला, कोणता सुटा भाग मिळाला नाही, कोणत्या कंपनीने काय नाकारले, याची वही ठेवावी. वर्षभराच्या अशा नोंदी हातात असल्या म्हणजे ग्राहक व्यवहार विभागाच्या पोर्टलला विचारायचे प्रश्न आपोआप तयार होतील, आणि ते पुस्तकातून घेतलेले नसतील.

खेळण्यावर लढा द्यायचा का, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे की लढा खेळण्यावर नाही. कामगाराने घडवलेली, कामगाराने विकत घेतलेली आणि कामगारालाच दुरुस्त करता येणारी वस्तू शेवटी कोणाची, यावर तो आहे. तीन पाकळ्यांच्या त्या स्क्रूने हा प्रश्न पंचवीस वर्षे बंद करून ठेवला होता. तो उघडायचे हत्यार आज लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांना मिळते. संघटना मात्र विकत मिळत नाही, ती आपल्यालाच उभी करावी लागेल.